शेवंती कळ्या का धरत नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळी उलटली की या सदराच्या टपालात शेवंतीची पत्रे वाढतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : झाड हिरवेगार आहे, पण फुलाचा पत्ता नाही. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : गेल्या वर्षीची शेवंती मी वर्षभर जपली. झाड गुडघ्याच्या वर वाढले आहे, पाने गडद हिरवी आहेत, पण नोव्हेंबर उजाडला तरी एकही कळी नाही. गणपतीनंतर मी डीएपी दिले, मोहरीच्या पेंडीचे पाणी दिले, केळीच्या सालींचे पाणीही दिले. गॅलरी पूर्वेकडे असून दुपारपर्यंत ऊन असते. समोरच रस्त्यावरचा दिवा असल्याने संध्याकाळीही झाडांना उजेड मिळतो. आणखी कोणते खत द्यावे? (एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : आणखी कोणतेही खत देऊ नये. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण जाता जाता लिहिलेल्या त्या दिव्याच्या वाक्यातच आहे.

शेवंती ही लहान दिवसाची, किंवा अधिक नेमके बोलायचे तर लांब रात्रीची वनस्पती आहे. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून १९२० मध्ये मांडले, आणि पुढे याच तत्त्वावर शेवंतीची बारमाही व्यापारी शेती उभी राहिली. बहुतेक जातींमध्ये दिवस साधारण साडेतेरा तासांहून लहान झाला की कळीची सुरुवात होऊ शकते. मात्र त्या कळीची नीट वाढ होऊन फूल उमलण्यासाठी रात्र त्याहूनही लांब, आणि मुख्य म्हणजे सलग अंधाराची असावी लागते. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी झाडाच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन लहान रात्री होतात आणि ते पाने वाढवीत राहते. व्यापारी उत्पादक याचाच उपयोग करून घेतात. फूल नको असेल तेव्हा ते रात्री दहा ते दोनच्या दरम्यान शेतात दिवे लावतात. आपल्या गॅलरीत तेच काम रस्त्यावरचा दिवा रोज रात्री करीत आहे.

हा उजेड झाडाची पाने ओळखतात, शेंडा नव्हे. १९३० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग करून हे दाखवले होते : वरची पाने काढून टाकलेला शेंडा लांब दिवसात ठेवला आणि खालच्या पानांना तेवढी लांब रात्र दिली, तरी शेंड्याला फुले आली. त्यामुळे केवळ शेंड्यावर फडके टाकून भागत नाही. सगळी पाने अंधारात गेली पाहिजेत.

पहिला उपाय जागा बदलण्याचा. रात्री दहाच्या सुमारास घरातले दिवे बंद करून कुंडीशेजारी वर्तमानपत्र धरून पाहावे. बातमीचा मजकूर वाचता येत असेल, तर तेवढा उजेड शेवंतीला अडवण्यास पुरेसा आहे असे समजावे. घराच्या दुसऱ्या बाजूला अंधारी खिडकी असल्यास कुंडी तिथे हलवावी, फक्त तिथे दिवसा किमान चार-पाच तास ऊन असले पाहिजे. ते शक्य नसेल, तर टीव्ही किंवा वॉशिंग मशीनचे मोठे पुठ्ठ्याचे खोके तळ उघडा ठेवून झाडावर पालथे घालावे, किंवा काठ्यांच्या आधाराने जाड काळे सुती कापड दुहेरी करून सोडावे. संध्याकाळी साडेसहा-सातला झाकावे आणि सकाळी आठला काढावे. प्लास्टिक वापरू नये; आत दमट वाफ कोंडते आणि चार दिवसांत पानांवर बुरशी धरते. हा क्रम एकही रात्र न चुकवता पाळला, तर साधारण तीन ते चार आठवड्यांत शेंड्याशी मोहरीएवढ्या हिरव्या गुंड्या दिसू लागतात. त्यानंतरही कळीला रंग दिसेपर्यंत झाकणे चालू ठेवावे. आता सुरुवात केल्यास जानेवारीच्या अखेरीस फूल येण्यास हरकत नाही, आणि आपल्याकडचा जानेवारी शेवंतीला ऑक्टोबरपेक्षा कितीतरी अधिक मानवतो.

खतांबद्दल थोडे. डीएपीमध्ये ४६ टक्के स्फुरद असते म्हणून ते ‘फुलांचे खत’ समजले जाते, परंतु त्यात १८ टक्के नत्रही असते. मोहरीच्या पेंडीतही नत्रच जास्त. सप्टेंबरनंतर इतके नत्र मिळालेले झाड पानांत रमते आणि त्याचा कोवळा शेंडा मावा या रस शोषणाऱ्या किडीला आमंत्रण देतो. नत्राची खते जुलै-ऑगस्टमध्ये द्यावीत. कळ्या दिसल्यावर शून्य-बावन्न-चौतीस हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा दिले की पुरे. केळीच्या सालींच्या पाण्याने नुकसान होत नाही आणि फारसा फायदाही होत नाही. चिलटे मात्र होतात.

प्रश्न : गेल्या दिवाळीत रोपवाटिकेतून आणलेली शेवंती वीतभर उंचीची, गोल आणि फुलांनी गच्च होती. तेच झाड यंदा उंच, लुळे आणि विरळ झाले आहे. जात बदलली का? (नेरूळ)

उत्तर : जात तीच आहे, तिला घडवणारे हात गेले. दिवाळीत मिळणारी ती कुंडी बहुधा हरितगृहात तयार होते. एका कुंडीत एक झाड नसून तीन ते पाच कलमे एकत्र लावलेली असतात, त्यांचे शेंडे ठरावीक दिवशी खुडलेले असतात, रात्रीच्या उजेडाचे नियंत्रण केलेले असते आणि उंची रोखण्यासाठी डॅमिनोझाइड किंवा पॅक्लोब्युट्राझोलसारखे वाढनियंत्रक वापरलेले असतात. त्यांचा परिणाम ओसरला की झाड आपल्या स्वभावाने वाढते. घरी वाढनियंत्रक वापरण्याच्या फंदात पडू नये, कारण मात्रा थोडी चुकली तरी झाड महिनोन्महिने खुरटते. तोच गोलाकार पुष्कळसा कात्रीने आणि चिमटीने साधता येतो.

फुले संपल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, झाड जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावे. काही आठवड्यांत बुंध्याच्या आजूबाजूला, कधी कुंडीच्या अगदी कडेला, मातीतून काश्या वर येतात. काशी ओळखणे सोपे आहे : मातीखालचा दांडा पांढरट, किंचित गुलाबी झाक असलेला, आणि वर चिमुकल्या पानांचा बसका गुच्छ. जुन्या खोडावरच्या फुटव्यापेक्षा काशीचे रोप जोमदार होते, म्हणून पुढच्या वर्षाचे भांडवल तेच. जुने खोड जपण्याचा हट्ट अनेकांना असतो, तो सोडावा.

पुस्तकांत शेवंतीची लागवड एप्रिल-मे महिन्यांत सांगितलेली असते. ती पुणे, नगर, सोलापूर या भागांतील शेतांसाठी योग्य आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत कुंडीतील रोपे एप्रिलला लावली, तर ऐन पावसाळ्यात ती मोठी आणि नाजूक होतात, आणि मुळे सडण्याचे प्रमाण वाढते. म्हणून काश्या उन्हाळाभर सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी केवळ जगवाव्यात, जूनच्या सुरुवातीला त्यांच्या शेंड्यांची कलमे करावीत आणि जुलैमध्ये कुंडीत लावावीत, असे आमचे मत आहे.

कलम बोटाच्या लांबीचे, पाच ते सात सेंटीमीटरचे, कळी नसलेले आणि वाकवल्यावर कट्‌कन मोडणारे असावे. धारदार पात्याने पेऱ्याच्या जरा खाली कापावे, खालची पाने काढून वर तीन ठेवावीत, टोक मूळसंवर्धक भुकटीत बुडवून धुतलेली वाळू आणि कोकोपीट यांच्या मिश्रणात खोचावे. छज्जाखाली, थेट पाऊस लागणार नाही असे ठेवल्यास दोन ते तीन आठवड्यांत मुळे धरतात. हलक्या हाताने ओढून पाहावे. कलम हाताला अडले की मुळे फुटली.

वीस ते पंचवीस सेंटीमीटरची कुंडी घेऊन तीत तीन कलमे लावावीत. लाल माती दोन भाग आणि गांडूळखत, कोकोपीट व जाड वाळू प्रत्येकी एक भाग, शिवाय मूठभर निंबोळी पेंड, एवढे पुरते. रोपाला सहा-सात पाने आली की शेंडा नखाने खुडावा. त्याखालून जे तीन-चार फुटवे निघतात, त्यांचेही शेंडे तीन आठवड्यांनी खुडावेत. हे शेवटचे खुडणे ऑगस्टच्या अखेरीपर्यंत आटोपावे. ‘अजून थोडे भरू दे’ म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडत राहणारे स्वतःच्या हाताने कळ्या काढीत असतात.

प्रश्न : माझ्या झाडाला जुलैतच कळ्या आल्या आणि त्या उमलण्याआधी तपकिरी झाल्या. तसे असेल तर गौरी-गणपतीला घरची शेवंती मिळणे शक्य आहे का? (कळवा)

उत्तर : ठाण्याचा सर्वांत मोठा दिवस, २१ जूनचा, सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या. उत्तर भारतात किंवा युरोपात उन्हाळ्याचा दिवस इतका लांब असतो की शेवंती तिथे मुकाट्याने पानेच वाढवते. आपल्याकडे मात्र वर्षातला मोठ्यात मोठा दिवसही काही जातींच्या मर्यादेच्या आतच राहतो, त्यामुळे अशा जाती पावसाळ्यातच कळ्या धरतात. या कळ्यांना ढगाळ हवा, उष्ण रात्री आणि संततधार यांत उमलणे जमत नाही. त्या दिसताच दोन पानांसह खुडाव्यात.

काळे कापड झाकून गणपतीला फुले आणता येतील का, तर हिशेबाने येतील. झाकायला सुरुवात केल्यापासून फूल उमलेपर्यंत आठ ते दहा आठवडे धरले, तर जूनच्या मध्यापासून रोज झाकावे लागेल, आणि तेही धो धो पावसात. त्या दिवसांत बाजारात दिसणारी शेवंती व्यावसायिक पद्धतीने पिकवलेली असते. गौरीच्या वेणीसाठी जांभळी नाक्यावरून फुले आणावीत; घरच्या शेवंतीकडून मार्गशीर्षातल्या गुरुवारांची अपेक्षा ठेवावी, ती ती सहसा पुरी करते. दसऱ्याचीही अपेक्षा ठेवू नये. कळी भरण्यासाठी रात्रीचे तापमान सोळा ते वीस अंश असलेले बरे, आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या रात्री तेवीस-चोवीस अंशांच्या खाली क्वचितच उतरतात. उष्णतेने फूल उमलणे लांबते, आणि पिवळ्या-पांढऱ्यापेक्षा गुलाबी-जांभळ्या फुलांचा रंग अधिक फिका पडतो.

प्रश्न : पावसाळ्यात खालची पाने काळी पडून देठाला लोंबत राहिली आणि हळूहळू झाड वरपर्यंत उघडे झाले. (ऐरोली)

उत्तर : काळे-तपकिरी गोल ठिपके खालून वर चढत गेले असतील, तर तो सेप्टोरिया बुरशीचा करपा आहे. ही बुरशी पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर मातीतून आणि रोगट पानांवरून पसरते. बाधित पाने लोंबत ठेवू नयेत. ती काढून कचऱ्यात टाकावीत, घरच्या कंपोस्टमध्ये नव्हे. पाणी मातीत द्यावे, पानांवर नको. मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा वाळक्या पानांचा पातळ थर द्यावा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर असावे. रोग वाढत असल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात, पाऊस उघडलेल्या दिवशी, पानांच्या खालच्या बाजूसह फवारावे.

ठिपके नसताना सगळे झाड एकदम माना टाकत असेल आणि माती ओलीच असेल, तर मुळे सडली आहेत. आपल्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शेवंतीला तो अंगावर घेणे झेपत नाही. कुंडी विटांवर उचलून ठेवावी, खालची ताटली जून ते सप्टेंबर काढून टाकावी, आणि गच्चीवरच्या कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्याव्यात. सडलेले झाड औषधाने सहसा वाचत नाही. त्याचे निरोगी शेंडे असतील तर कलमे करून घ्यावीत.

प्रश्न : शेंड्यावर आणि कळ्यांच्या देठांवर काळे किडे गच्च बसले आहेत. (खारघर)

उत्तर : तो शेवंतीचा काळा मावा. पाण्याची जोरदार धार मारून तो धुवावा, दोन दिवसांनी पुन्हा धुवावा. त्यानंतर कडुनिंबाचे तेल पाच मिलिलिटर आणि थोडा साबणाचा द्रव लिटरभर पाण्यात घोळून ऊन उतरल्यावर फवारावे. फुले उमलल्यावर फवारू नये, पाकळ्यांवर डाग पडतात. मुंग्या खोडावरून ये-जा करीत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करावा, कारण त्या माव्याची राखण करतात. माव्याच्या गर्दीत सुसरीसारखी दिसणारी करडी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसली तर तिला मारू नये; ती ढालकिड्याची अळी असून मावा खाते.

प्रश्न : प्रदर्शनात दिसते तसे तळहाताएवढे फूल घरी घेता येईल का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : जात मोठ्या फुलाची असेल तर. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत डिसेंबरमध्ये शेवंतीचे प्रदर्शन भरते. तेथील थंडी आपल्याकडे नाही, हे मान्य करूनच हा छंद धरावा. एका झाडावर एक ते तीनच फांद्या राखाव्यात आणि प्रत्येकीला बांबूच्या कामटीचा आधार द्यावा. कळ्या मुगाएवढ्या झाल्या की शेंड्याची मधली कळी ठेवून बाजूच्या सगळ्या कळ्या चिमट्याने काढाव्यात. ही विरळणी सकाळी करावी, तेव्हा देठ कडक असतात आणि कळी सहज निखळते. मधल्या कळीला धक्का लागला तर त्या फांदीचे वर्ष वाया गेले, म्हणून सुरुवातीला शेजारची एक कळी आठवडाभर राखीव ठेवावी. मात्र गॅलरीत पहिल्यांदाच शेवंती लावणाऱ्यांना आम्ही लहान फुलांच्या, बटणासारख्या जाती घ्या असे सांगू. त्यांना आधार कमी लागतो आणि उकाडा जास्त सोसतो. याच लखनौच्या संस्थेने न खुडता आणि काठी न लावता आपोआप गोल वाढणाऱ्या लहान जातीही विकसित केल्या आहेत. मिळाल्या तर त्या घ्याव्यात.

प्रश्न : शेवंतीमुळे घरातली हवा शुद्ध होते आणि डास पळतात, असे वाचले. बेडरूममध्ये ठेवू का? घरात मांजर आहे. (कोपरखैरणे)

उत्तर : नासाच्या १९८९ च्या अहवालात शेवंतीचा समावेश होता, हे खरे आहे, परंतु ते प्रयोग लहान बंदिस्त पेटीत झाले होते. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, खिडकीतून सहज होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीएवढा परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. खिडकी उघडावी. डास मारणारे पायरेथ्रम ज्या फुलांपासून मिळते, ते शेवंतीचे पांढरे, डेझीसारखे दिसणारे नातलग आहे. आपल्या गॅलरीतल्या शेवंतीने डास पळत नाहीत, उलट ताटलीत साचलेल्या पाण्यात ते होतात. मांजराने शेवंतीची पाने खाल्ली तर लाळ गळणे, उलट्या असा त्रास होऊ शकतो, म्हणून कुंडी तिच्या आवाक्याबाहेर असावी. शिवाय बेडरूममध्ये ऊन नसते आणि रात्री दिवा असतो, त्यामुळे झाडाच्या दृष्टीनेही ती जागा गैरसोयीचीच. फुललेली कुंडी आठवडाभर दिवाणखान्यात मिरवायला हरकत नाही, कारण कळ्या उमलल्यावर उजेडाने फुलाचे काही बिघडत नाही.

प्रश्न : सुकलेल्या फुलांतले बी पेरले तर रोपे येतील का? दुकानात शेवंतीच्या बियांची पाकिटे मिळतात. (घणसोली)

उत्तर : आपल्या घरच्या भरगच्च फुलांत बी क्वचितच भरते, आणि भरले तरी त्याचे रोप आईसारखे निघत नाही. बी उगवून येणारे प्रत्येक रोप निराळे असते, म्हणून ज्यांना नवीन जाती तयार करायच्या आहेत ते बी पेरतात. ज्यांना तेच फूल हवे आहे त्यांनी काश्या किंवा कलमेच लावावीत. पाकिटात मिळते ते बहुधा हंगामी शेवंतीचे बी असते. ती वेगळी वनस्पती आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ट्रेमध्ये पेरून चार-पाच पानांवर आली की कुंडीत हलवावी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती फुलते. फुलून झाल्यावर ती वाळते आणि तिला काश्या येत नाहीत, त्यामुळे तिची कुंडी मार्चअखेर रिकामी करून दुसऱ्या रोपाला द्यावी.